हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताची वाट : सुईविना, क्ष-किरणांविना तपासणी

पनवेल हे वाटांचे गाव आहे. कोकणातून वर येणारी, घाटावरून खाली उतरणारी आणि मुंबईकडून येणारी अशा तिन्ही वाटा येथे मिळतात. याच तालुक्यात दोन निरनिराळ्या प्रकारच्या संस्था आहेत. नवीन पनवेल येथे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वात क्षणोक्षणी होणारे सूक्ष्म बदल टिपणे हे तिचे काम. खारघर येथे श्री सत्य साई संजीवनी हे बालहृदयरोग रुग्णालय आहे. जन्मतःच हृदयात दोष असलेल्या बालकांवर तेथे विनामूल्य उपचार केले जातात. पृथ्वीचे चुंबकत्व आणि बालकाचे हृदय यांचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न सहज मनात येईल. तो संबंध जोडणारी विद्या आज वैद्यकशास्त्राच्या हाती आली आहे. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा-तपासणी हे तिचे नाव. लोकांच्या तोंडी ती ‘एम.आर.आय.’ या आद्याक्षरांनी रुळली आहे.

या तपासणीविषयी ग्रामीण भागात, आणि शहरांतही, अनेक समज-गैरसमज आहेत. ‘यंत्रात विजेचा झटका बसतो’, ‘किरणांनी मूल अशक्त होते’, ‘औषध टोचल्यावर मूत्रपिंड निकामी होते’ अशी वाक्ये कानांवर पडतात. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की घरातील वडीलधारी मंडळी प्रथम गावातील जाणत्या माणसाकडे धाव घेतात. हा जाणता माणूस बहुधा शाळेतील गुरुजी असतो, ग्रामपंचायतीचा सदस्य असतो किंवा ग्रामसेवक असतो. त्याने दिलेल्या एका सल्ल्यावर मूल तपासणीला जाते किंवा महिनोन्महिने घरीच राहते. म्हणूनच या विषयाची स्थूल माहिती डॉक्टरांप्रमाणे या मंडळींनाही असणे आवश्यक आहे.

चार वाटा, एक नाका

शरीरभर फिरून आलेले, प्राणवायू संपलेले रक्त हृदयाच्या उजव्या बाजूस येते. तेथून ते फुप्फुसांत जाते, प्राणवायू घेते आणि ताजे होऊन हृदयाच्या डाव्या कर्णिकेत परत येते. परतीचा हा प्रवास ज्या नलिकांतून होतो त्यांना फुप्फुस-शिरा असे म्हणतात. सामान्यतः प्रत्येक फुप्फुसातून दोन याप्रमाणे त्या चार असतात. शरीरातील इतर शिरा अशुद्ध रक्त वाहून नेतात. शुद्ध रक्त वाहणाऱ्या या चार शिरा त्या नियमाला अपवाद आहेत. प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या अवस्थेत दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. हे बहुतेक सर्व रक्त याच चार वाटांनी डाव्या कर्णिकेच्या नाक्यावर येत असते.

गर्भात हृदयाची घडण होत असताना क्वचित या वाटा चुकतात. कधी चारही शिरा डाव्या कर्णिकेऐवजी उजव्या बाजूस किंवा तिकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेस जोडल्या जातात. फुप्फुसांनी शुद्ध केलेले रक्त मग पुन्हा अशुद्ध रक्तातच मिसळते. दोन कर्णिकांमधील पडद्याच्या छिद्रातून जेवढे मिश्र रक्त डावीकडे जाईल तेवढ्यावरच असे बालक जगते. त्याचे ओठ व नखे निळसर दिसतात, श्वास जलद चालतो, अंगावर पिताना ते दमते. या शिरांच्या मार्गात अडथळाही असेल तर काही तासांत किंवा दिवसांत प्राणावर बेतू शकते. हा दोष शस्त्रक्रियेने दूर करता येतो. मात्र ती शस्त्रक्रिया अगदी लहान वयातच व्हावी लागते.

कधी चारांपैकी एखादीच शीर वाट चुकते. असे मूल चालते, खेळते, शाळेत जाते. फक्त धावताना इतरांच्या मागे पडते, आणि त्याला पुन्हापुन्हा छातीचा विकार होतो. हा दोष कित्येकदा तारुण्यात किंवा त्यानंतरही उघडकीस येतो. तोपर्यंत हृदयाच्या उजव्या बाजूने वर्षानुवर्षे जादा रक्ताचा भार वाहिलेला असतो.

अलिबागच्या वेधशाळेपासून रुग्णालयाच्या चुंबकापर्यंत

या शिरा पाहण्यासाठी चुंबक कसा उपयोगी पडतो हे समजण्यास रायगड जिल्ह्याचाच एक दाखला घेता येईल. मुंबईत कुलाबा येथील वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मापन चालत असे. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम आणण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकत्व निर्माण होते आणि त्यामुळे कुलाब्याच्या नाजूक नोंदी बिघडल्या असत्या. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात हे काम १९०४ मध्ये अलिबाग येथे नेण्यात आले. तेथील वास्तू बांधताना लोखंड कटाक्षाने टाळण्यात आले. भारतीय भूचुंबकत्व संस्था आज याच परंपरेतील काम पुढे चालवीत आहे.

चुंबकत्व मोजण्याचे एकक टेस्ला हे आहे. आपल्या भागात पृथ्वीचे चुंबकत्व अवघे ०.००००४ टेस्लाच्या आसपास भरते. होकायंत्राची सुई फिरविण्यापुरतेच त्याचे बळ. रुग्णालयातील नेहमीच्या एम.आर.आय. यंत्राचे बळ १.५ टेस्ला असते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या ३० हजार पटींहूनही अधिक. अलिबागेस लोखंड दूर ठेवले गेले ते नोंदी बिघडू नयेत म्हणून. रुग्णालयात लोखंड दूर ठेवावे लागते ते जीव वाचावेत म्हणून. या पथ्याविषयी पुढे सविस्तर सांगितले आहे.

माणसाच्या शरीरात वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी असते आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. हायड्रोजनचे अणुकेंद्रक हे एखाद्या अतिसूक्ष्म चुंबकसुईसारखे वागते. एरवी या सुया वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. बलवान चुंबकाच्या पोटात माणूस झोपला की त्यांतील काही थोड्या अधिक सुया चुंबकाच्या दिशेने कल घेतात आणि भोवऱ्याप्रमाणे ठरावीक गतीने डोलू लागतात. १.५ टेस्लाच्या चुंबकात ही गती सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख फेऱ्यांची असते. नेमक्या याच कंपनसंख्येच्या रेडिओ लहरी शरीरावर सोडल्या तर ही अणुकेंद्रके ऊर्जा घेतात, आणि लहरी थांबताच स्वतःच बारीकसा संदेश परत पाठवितात. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलका धक्का दिला तरी तो मोठा झोका घेतो. भलत्या वेळी दिलेला धक्का वाया जातो. लयीत लय मिळण्याच्या या क्रियेला अनुस्पंदन म्हणतात. परत येणारा संदेश रक्तातून निराळा, चरबीतून निराळा, स्नायूंतून निराळा येतो. संगणक त्यावरून चित्र तयार करतो.

या साऱ्यात क्ष-किरणांचा वापर कोठेही नाही. वापरल्या जातात त्या आकाशवाणीच्या लहरींच्या जातीच्या लहरी. बाहेरच्या प्रक्षेपणाची त्यात भेसळ होऊ नये म्हणून यंत्राच्या खोलीच्या भिंतींत तांब्याचे अस्तर घालतात.

अणुकेंद्रांचे हे अनुस्पंदन पदार्थांत प्रथम १९४६ मध्ये अमेरिकेतील ब्लॉक व पर्सेल यांनी स्वतंत्रपणे दाखविले. त्यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच पदार्थातील हायड्रोजनचे अणू त्यांच्या जागेनुसार निरनिराळे संदेश देतात, हे १९५१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात साध्या मद्यार्कावर दाखविण्यात आले. ते दाखविणाऱ्या तिघांत एस. एस. धर्मट्टी हे भारतीय शास्त्रज्ञ होते. पुढे धर्मट्टी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाच्या संशोधनाचा पाया घातला. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकाचे बळ जागोजागी थोडे कमी-अधिक ठेवून संदेश कोठून आला ते ओळखण्याची, म्हणजेच चित्र काढण्याची युक्ती प्रसिद्ध केली. पीटर मॅन्सफील्ड यांनी ती जलद व काटेकोर केली. या दोघांना २००३ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

टोचावयाचे द्रव्य : गुण आणि धोका

रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून गॅडोलिनियम या धातूची संयुगे शिरेतून टोचण्याची पद्धत १९८०-९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. रुग्णालयात याला ‘कॉन्ट्रास्ट’ किंवा ‘डाय’ म्हणतात. हे द्रव्य रक्तात असेपर्यंत रक्तवाहिन्या लखलखीत दिसतात. चित्र काही सेकंदांत मिळते. बहुसंख्य रुग्णांना त्यापासून काहीही अपाय होत नाही. मूत्रपिंडे ते शरीराबाहेर टाकतात.

प्रश्न येतो तो मूत्रपिंडेच नीट काम करीत नसतील तेव्हा. अशा काही रुग्णांची कातडी व सांधे दगडासारखे ताठर होत जात असल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले. २००६ मध्ये या विकाराचा संबंध गॅडोलिनियमशी असल्याचे प्रथम मांडण्यात आले. त्यानंतर जगभर नियम कडक झाले. २०१४ मध्ये जपानमधील संशोधकांनी, वारंवार हे द्रव्य घेतलेल्या रुग्णांच्या मेंदूत त्याचा अंश राहत असल्याच्या खुणा दाखविल्या. त्यापासून अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही. तरीही २०१७ मध्ये युरोपीय औषध नियंत्रण यंत्रणेने या वर्गातील जुन्या घडणीच्या काही संयुगांचा वापर थांबविण्याची शिफारस केली. आज वापरात असलेली नव्या घडणीची संयुगे धातूला अधिक घट्ट धरून ठेवतात आणि म्हणून बरीच सुरक्षित मानली जातात. गरोदर स्त्रियांना मात्र अत्यावश्यक असल्याखेरीज हे द्रव्य देत नाहीत.

लहान मुलांच्या बाबतीत अडचण निराळी असते. त्यांच्या नाजूक शिरेत सुई घालणे हेच एक दिव्य असते. शिवाय जन्मजात हृदयदोषाच्या मुलास वाढत्या वयात पुन्हापुन्हा तपासणी लागते. दर वेळी द्रव्य टोचावयाचे, किंवा दर वेळी सी.टी. स्कॅनचे क्ष-किरण द्यावयाचे, यापेक्षा तिसरा मार्ग मिळाला तर तो हवाच असतो.

हलत्या पाळण्याचे छायाचित्र

तो तिसरा मार्ग म्हणजे बाहेरून काहीही न घालता खुद्द रक्तालाच चमकविणे. रक्तात पाणी भरपूर, आणि त्यातील अणुकेंद्रके आपला संदेश स्नायूंतील अणुकेंद्रकांपेक्षा अधिक काळ टिकवून धरतात. या गुणाचा लाभ घेण्यासाठी रेडिओ लहरींचे अत्यंत जलद व समतोल ठोके एकामागून एक देतात. या पद्धतीत वाहते रक्त पांढरेशुभ्र उमटते. कल्पना १९८६ च्या सुमाराची असली तरी तिला लागणारी वेगवान यंत्रे उपलब्ध झाल्यावर, म्हणजे २००० च्या आसपास, ती हृदयाच्या तपासणीत सर्रास वापरली जाऊ लागली.

आणखी तीन अडचणी सोडवाव्या लागल्या. पहिली अडचण हृदयाच्या ठोक्यांची. मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा आकुंचन पावणाऱ्या अवयवाचे चित्र सरळ काढले तर ते पुसट येणार. म्हणून रुग्णाच्या छातीवर हृदयालेखाच्या पट्ट्या लावतात आणि प्रत्येक ठोक्यात हृदय क्षणभर स्थिर असते तेवढ्याच वेळात माहिती गोळा करतात. दुसरी अडचण श्वासाची. श्वासाबरोबर छाती व पोट यांमधील पडदा खालीवर होतो आणि त्यासोबत हृदयही सरकते. यंत्र या पडद्यावर सतत नजर ठेवते. श्वास सोडून पडदा ठरावीक जागी, काही मिलिमीटरांच्या अंतरात आला असेल तेव्हाचीच माहिती ते स्वीकारते. बाकीची टाकून देते. पाळण्यातील मुलाचे छायाचित्र काढणारा माणूस पाळणा एका टोकाला जाऊन क्षणभर थबकतो ती वेळ साधतो. येथे तीच युक्ती आहे. ‘श्वास रोखून धर’ असे लहान मुलाला किंवा धापा टाकणाऱ्या रुग्णाला सांगता येत नाही. या पद्धतीत ते सांगावे लागत नाही. त्याने केवळ शांत पडून राहावयाचे असते.

तिसरी अडचण शेजाऱ्यांची. हृदयाभोवतीची चरबीही रक्ताइतकीच पांढरी उमटते. चरबीतील हायड्रोजनची कंपनसंख्या पाण्यातील हायड्रोजनपेक्षा किंचित निराळी असते. मद्यार्कावरील प्रयोगात १९५१ मध्ये दिसलेल्या तत्त्वाचाच हा प्रकार. त्या फरकावर बोट ठेवून चरबीचा संदेश दाबून टाकतात. उरते ते रक्त, आणि त्या रक्ताच्या आकारावरून चारही शिरांच्या वाटा हव्या त्या बाजूने फिरवून पाहता येतात.

नुसती वाट दिसून भागत नाही. त्या वाटेने किती रक्त जाते हेही कळावे लागते. वाहणाऱ्या रक्ताच्या वेगानुसार त्याच्या संदेशात पुढे-मागेपणा येतो. तो मोजून कोणत्या नलिकेतून दर मिनिटाला किती रक्त गेले याचा हिशेब करता येतो. निरोगी माणसात फुप्फुसांकडे जाणारे आणि शरीराकडे जाणारे रक्त जवळजवळ सारखे असते. वाट चुकलेल्या शिरेमुळे फुप्फुसांकडचे रक्त दीडपट किंवा त्याहून अधिक भरले, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. हा हिशेबही काहीच न टोचता होतो.

कोणास उपयोग, कोठे मर्यादा

जन्मजात दोष असलेली मुले व तरुण, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि शिरेत सुई घालणे अवघड असलेले रुग्ण यांना ही पद्धत विशेष सोयीची आहे. प्रौढांमध्ये तिचा आणखी एक उपयोग होतो. हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा एक विकार उतारवयात पुष्कळांना जडतो. त्यातून रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात येऊ शकतो. १९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील हाइसागेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, या अनियमिततेची ठिणगी बहुधा फुप्फुस-शिरांच्या मुखाशीच पडते. तेव्हापासून या मुखांभोवतीचा भाग नळीवाटे निष्प्रभ करण्याचा उपचार रूढ झाला. उपचारापूर्वी शिरा किती व कशा आहेत याचा नकाशा हवा असतो. उपचारानंतर एखादी शीर आक्रसली नाही ना, हेही पाहावे लागते.

तथापि ही पद्धत सर्व प्रश्नांवरील तोडगा नव्हे. जन्मजात दोषाची पहिली तपासणी आजही ध्वनिलहरींनी, म्हणजे ‘इको’ या नावाने परिचित असलेल्या यंत्राने होते. पुष्कळदा तेवढी पुरेशी ठरते. अत्यवस्थ अर्भकाच्या बाबतीत, जेथे एकेक मिनिट मोलाचे असते, तेथे काही सेकंदांत आटोपणारे सी.टी. स्कॅन डॉक्टर पसंत करतात. हृदयाच्या संपूर्ण एम.आर.आय. तपासणीस अर्धा ते एक तास लागतो. ठोके फारच अनियमित असतील तर चित्र बिघडते. फुप्फुसांत हवा असल्याने त्यांच्या कडेशी संदेश क्षीण होतो. हृदयाच्या स्नायूतील व्रण, गाठ किंवा दाह पाहावयाचा असेल तर टोचण्याचे द्रव्य लागतेच. म्हणून ‘आम्हाला डाय नकोच’ असा हट्ट धरणे योग्य नाही. ‘मूत्रपिंडाचा त्रास आहे’, ‘गरोदर आहे’, ‘पूर्वी हे द्रव्य दिले होते’ ही माहिती डॉक्टरांना आधी द्यावी आणि द्रव्याविना काम भागेल काय, असे विचारावे. हा रुग्णाचा हक्क आहे. निर्णय डॉक्टरांनी घ्यावयाचा आहे.

लहान मुलांना तासभर स्थिर ठेवणे हा वेगळाच प्रश्न. तान्ह्या बाळास पोटभर पाजून, दुपट्यात नीट गुंडाळून झोपेतच तपासणी करण्याची रीत काही ठिकाणी आहे. थोड्या मोठ्या मुलांना गुंगीचे औषध द्यावे लागते. सात-आठ वर्षांपुढील मूल समजावून सांगितल्यास बहुधा ऐकते. यंत्राचा धडधडाट मोठा असतो. तो विजेच्या वेटोळ्यांचा आवाज आहे, त्यापासून इजा होत नाही, कानांत बोळे घालतात, ही गोष्ट शिक्षकांनी आधी सांगितली तरी मुलाची अर्धी भीती जाते.

लोखंडाचे पथ्य

एम.आर.आय.चा खरा धोका किरणांचा नाही. तो लोखंडाचा आहे. हे चुंबक तपासणी चालू नसतानाही, रात्रंदिवस, जागृत असते. २०१४ मध्ये नवी मुंबईतील एका केंद्रात प्राणवायूचा सिलिंडर चुंबकाने खेचून घेतला आणि दोन कर्मचारी कित्येक तास यंत्राशी जखडून पडले. २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात अशाच प्रकारे सिलिंडरसह खेचल्या गेलेल्या एका नातेवाइकाचा मृत्यू झाला. या दोन्ही घटनांत दोष तपासणीच्या तत्त्वाचा नव्हता. दाराशी पाळावयाचे पथ्य पाळले गेले नाही.

सबब, खोलीत शिरण्यापूर्वी किल्ल्या, नाणी, घड्याळ, मोबाईल, पट्टा, केसांतील पिना हे सर्व बाहेर ठेवावे. मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, नथ आणि मुलाच्या गळ्यातील ताईत किंवा करगोट्यातील धातूचा मणीही काढावा. सोने लोहचुंबकाला चिकटत नाही हे खरे. पण दागिन्यांत इतर धातूंची भेसळ असते, आणि लहरींमुळे धातू तापूही शकतो. श्रद्धेने बांधलेली वस्तू काढण्यास घरची मंडळी नाखूष असतात. ती तासाभराने पुन्हा बांधता येते, हे समजुतीने सांगावे. हृदयात पेसमेकर बसविलेला असल्यास त्याचे कागद अवश्य दाखवावेत. जुन्या घडणीच्या पेसमेकरसह तपासणी करता येत नाही. नव्या घडणीचे काही विशिष्ट दक्षता घेऊन चालतात. तळोजासारख्या औद्योगिक वसाहतींत कातकाम किंवा वेल्डिंग करणाऱ्या कामगारांच्या डोळ्यात पूर्वी कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर तेही सांगणे अगत्याचे आहे. असा कण चुंबकाने हलला तर दृष्टी जाऊ शकते.

देशी यंत्राच्या दिशेने

या यंत्रांचा प्रसार मर्यादित राहण्याचे मुख्य कारण त्यांची किंमत. चुंबकाची तार विरोधाशिवाय वीज वाहू शकावी म्हणून ती द्रवरूप हीलियममध्ये, शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सिअस इतक्या थंडीत ठेवावी लागते. यंत्रे आणि हीलियम या दोन्हींसाठी देशाला परदेशांवर अवलंबून राहावे लागले आहे. ही स्थिती बदलण्याचे प्रयत्न सुरू आहेत, आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. ‘समीर’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी केंद्र सरकारची संशोधन संस्था टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका विभागातून विकसित होऊन १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झाली. खारघर येथेही तिचे केंद्र आहे. १.५ टेस्लाचे देशी यंत्र घडविण्याच्या प्रकल्पात ही संस्था अग्रभागी आहे. या यंत्राच्या चाचण्यांसाठी तिने मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेशी करार केला. बंगळूरच्या व्हॉक्सेलग्रिड्स या कंपनीने घडविलेल्या १.५ टेस्लाच्या देशी यंत्राची घोषणा ऑगस्ट २०२३ मध्ये झाली होती. यंत्र स्वस्त झाले तर ते तालुक्याच्या अधिक जवळ येईल.

पहिली शंका गावातच यावी

तथापि यंत्र कितीही जवळ आले तरी ते स्वतः होऊन वाडीवर चालत येणार नाही. मूल यंत्रापर्यंत पोहोचावे लागते आणि त्याची सुरुवात गावातच होते. ० ते १८ वर्षे वयाच्या मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रात, पालघर येथे झाला. या कार्यक्रमानुसार आरोग्य पथकाने अंगणवाडीतील बालके वर्षातून दोनदा व शाळेतील मुले वर्षातून एकदा तपासावयाची असतात. जन्मजात हृदयविकाराचा समावेश त्यात आहे, आणि पुढील उपचारांची विनामूल्य सोय करणे हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखालीही संलग्न रुग्णालयांत हृदयशस्त्रक्रियांचा लाभ मिळतो. त्याची माहिती तेथील आरोग्यमित्र देतात.

पथक वर्षातून एकदा येते. शिक्षक मुलाला रोज पाहतात. प्रार्थनेच्या वेळी धापा टाकणारे, खेळाच्या तासाला कडेला बसणारे, पावसाळाभर छातीच्या विकाराने गैरहजर राहणारे मूल ‘आळशी’ किंवा ‘अशक्त’ म्हणून सोडून देऊ नये. पथक येईल त्या दिवशी ते हजर राहील असे पाहावे. वाडीवरील मूल स्थलांतरामुळे त्या दिवशी गावात नसेल तर त्याचे नाव स्वतंत्र टिपून ठेवावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. अंगावर पिताना घामाघूम होणारे, वजन न वाढणारे किंवा ओठ निळे पडणारे तान्हे बाळ असेल तर पथकाची वाट पाहू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. पंचायत सदस्यांनी मोठ्या रुग्णालयात जाण्यासाठी वाहन, कागदपत्रे आणि सोबत एक समंजस माणूस एवढी व्यवस्था केली तरी पुष्कळ काम झाले.

चुंबक, संगणक आणि रेडिओ लहरी यांच्या साहाय्याने फुप्फुसातून हृदयाकडे येणारी मिलिमीटरभर रुंदीची वाटसुद्धा सुईविना दिसू शकते, इथपर्यंत शास्त्राने मजल मारली आहे. वाडीपासून आरोग्य केंद्रापर्यंतच्या वाटेवर मुलाचे बोट धरावयाचे काम मात्र शाळेने, अंगणवाडीने आणि ग्रामपंचायतीनेच करावयाचे आहे.